आवडले म्हणून खरे?

शाळेच्या निबंधासाठी मोबाईलवर भारताच्या इतिहासाचा शोध घेतला की मॅकॉले यांच्या नावाचा एक उतारा हमखास समोर येतो. २ फेब्रुवारी १८३५ रोजी त्यांनी ब्रिटिश संसदेत सांगितले म्हणे की, मी भारतभर फिरलो, पण एकही भिकारी वा चोर दिसला नाही. हा देश जिंकायचा तर त्याचा आध्यात्मिक कणाच मोडावा लागेल. वाचून अभिमान वाटतो, रागही येतो आणि उतारा वहीत उतरतो.

आता थोडे थांबून पाहा. मॅकॉले १८३४ मध्ये भारतात आले आणि १८३८ पर्यंत इथेच होते. मग १८३५ साली लंडनच्या संसदेत हे भाषण केले कोणी? त्या तारखेचे त्यांचे शिक्षणविषयक टिपण मात्र खरोखर आहे. ते पूर्ण वाचायला मिळते आणि त्यात हा मजकूर नाही. संस्कृत व अरबी ग्रंथांविषयीची तुच्छता त्यात उघड आहे. टीकाच करायची होती, तर खरा कागद पुरेसा होता!

न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते. पण कोणाच्याही नव्हे, आप्ताच्या शब्दाला. वात्स्यायनांच्या भाष्यानुसार, ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू, असेही ते म्हणतात. सांगणारा आपल्या बाजूचा आहे का, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. पानावर ॐ आहे, भाषा संस्कृतप्रचुर आहे, एवढ्याने मजकूर आप्तवचन होत नाही.

वाणिज्य शाखेत आम्हाला व्हाउचर तपासायला शिकवतात. एकच नोंद दहा वह्यांत उतरवली म्हणून व्हाउचर तयार होत नाही. हा उताराही असाच एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला आहे.

“मी खोटे बोललो नाही, फक्त लिहून घेतले,” असे आपण म्हणू शकतो का? मला तसे वाटत नाही. निबंधात लिहिले, म्हणजे ‘हे मला ठाऊक आहे’ असे आपण वाचणाऱ्याला सांगितलेच.

आणि तो उतारा शिक्षकांनीच फळ्यावर लिहिला असेल तर? इथे मुलांची खरी अडचण होते. वर्गात उभे राहून चूक काढण्याची गरज नाही. तास संपल्यावर त्या टिपणाची प्रत पुढे ठेवून विचारता येते, “सर, हे वाक्य यात कुठे आहे?”