राईची राखण



शलमोनाने मंदिर बांधिले तेव्हा सोरेचा राजा हिराम याने लबानोनाच्या उंच डोंगरावरील गंधसरू तोडवून समुद्रमार्गे पाठविले, हे आपणांस ठाऊक आहे. पुढेही शतकानुशतके तेथे कुऱ्हाड चालली आणि थोड्याच राया उरल्या. त्यांपैकी एकीची कोवळी रोपे बकऱ्या खाऊन टाकीत, म्हणून १८७६ साली व्हिक्टोरिया राणीच्या खर्चाने तिच्याभोवती दगडी भिंत घालण्यात आली. १९९८ साली युनेस्कोने त्या राईस जागतिक वारसा मानिले. तोडणे सोपे, राखणे कठीण, हेच यावरून दिसते.

असाच एक दुर्मिळ वृक्ष आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही आहे. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथे भालांडेश्वराच्या राईत रानजायफळाची झाडे बारमाही पाणथळीत उभी आहेत. आचऱ्याच्या खाडीत तिवराची मुळे श्वासासाठी चिखलातून वर येतात, हे तेथील बंधूंनी पाहिलेच आहे. ह्या वृक्षाची मुळेही तशीच गुडघ्यासारखी वाकून वर येतात. मात्र तिवरास खारे पाणी चालते, ह्यास गोडेच लागते. ओहोळ वळवून कुळागर केले की हा वृक्ष गेलाच. त्याचे बी सुकले की रुजत नाही, म्हणून ते साठवूनही ठेविता येत नाही. धनेशासारखे पक्षी फळे खाऊन बी दूर टाकितात. पक्षी नाहीसे झाले तर पेरणाराही गेला.

ही राई आजवर टिकली, कारण गावकऱ्यांनी ती देवाची मानून तीत कोयता घातला नाही. २०२१ साली राज्य सरकारने तेथील २.५९ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. ह्या राखणीचे श्रेय आपल्या शेजाऱ्यांस देण्यास आपण संकोचू नये.

आता आम्ही आपणांस एक प्रश्न विचारितो. राईतल्या देवाचे भय आपण सोडिले. मग राखणही सोडावी काय? तसे मुळीच नव्हे. एदेन बागेत मनुष्यास ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात तर नगरास वेढा घातला असताही फळझाडावर कुऱ्हाड चालविण्याची मनाई आहे. युद्धात जे वर्ज्य, ते शांततेच्या दिवसांत चार पैशांसाठी कसे चालेल? भय गेले तेथे प्रीती यावी. भय गेले आणि कोयता आला, असे आपल्याविषयी कोणी म्हणू नये.

म्हणून उपदेशकांनी हा विषय उपासनेत घ्यावा. झऱ्याचे पाणी कोणी तोडू नये, धनेशास मारू नये, खाडीकाठचे तिवर सरपणास आणू नयेत, आणि गावची जैवविविधता समिती बोलावील तेव्हा आपणही जावे. राई आपली नाही, जिल्हाही आपला नाही. ज्याचे सर्व आहे त्याचे आपण कारभारी आहो, आणि कारभाऱ्यास एके दिवशी हिशेब द्यावा लागतो.