वडिलांचे देणे

माणूस गेला की त्याच्या मागे दोन प्रकारचे कागद उरतात : काही पैसे देणारे, काही पैसे मागणारे. पहिल्या प्रकारचे कागद घरात लवकर सापडतात. दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे क्रेडिट कार्डाचे बिल, पतसंस्थेचे थकलेले हप्ते, वाण्याच्या वहीतले पान, हे बहुधा तेराव्यानंतर दार ठोठावीत येतात. त्यांच्याशी मुलाने कसे वागावे, हा प्रश्न कायद्याने पुष्कळसा सोडविला आहे. आणि तरीही तो सुटला असे आम्हांस वाटत नाही.

मृत्युपत्र खरे असल्याचा जो दाखला न्यायालय देते, त्यास प्रोबेट म्हणतात. मुंबईत घरदार असलेल्या आमच्या आप्तांना त्याची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आमचे मरोदा पडले दुर्ग जिल्ह्यात. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूरच्या राजवटीत होता. त्या जुन्या मध्य प्रांतात हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. शिवाय भिलाईच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालविलेला आमचा मराठी माणूस मृत्युपत्र करतो तरी कोठे? बँकेत नामनिर्देशन केलेले असते. मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज दिला की रक्कम हाती येते. ते नसले तरी ठरावीक रकमेपर्यंत वारसा प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. २०२५ मध्ये तिने ही मर्यादा व्यापारी बँकांसाठी १५ लाखांची ठरविली. विधवेला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, हा त्यातला हेतू स्तुत्यच आहे.

पण या सोयीत एक गोष्ट निसटते. रीतसर न्यायालयातून कारभार चालला म्हणजे मृताचे देणे कोणाकोणाचे, हा प्रश्न वाटणीच्या आधी पुढे येतो. न्यायालय वगळले की तो विचारणारा कोणीच उरत नाही. उरतो तो मुलगा. म्हणजे ज्याला मिळायचे तोच निवाडा करणारा. वडिलांची ठेव एका अर्जावर उचलायची आणि त्यांच्या कार्डाच्या बिलावर ‘ते वारले’ एवढेच लिहून पाठवायचे, हे त्यामुळे फार सोपे झाले आहे. नामनिर्देशित व्यक्ती बँकेतील ठेवीची मालक होत नाही, ती केवळ रक्कम स्वीकारणारी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. परंतु घरोघरी समज उलटाच दिसतो.

आपल्या धर्मशास्त्राची रीत याहून कडक होती. पित्याचे ऋण पुत्राने फेडलेच पाहिजे, त्याने मागे काही ठेवलेले असो वा नसो. तरी त्यालाही मर्यादा होत्या : मद्य, द्यूत, कामासक्ती यांपायी केलेले कर्ज पुत्राने फेडू नये, असे याज्ञवल्क्य सांगतो, आणि बृहस्पतीच्या मते पणजोबाच्या कर्जाचा पणतूला स्पर्श नाही. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने वारसाची जबाबदारी वारशाच्या रकमेपुरती केली. पण दख्खनच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग किती झाला? बापाच्या कर्जाचे नवे खत मुलाच्या नावाने होई, आणि परके देणे स्वतःचे बने. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांची खते जाळली गेली, त्यामागे अशी वंशपरंपरेने वाढत गेलेली कर्जेही होती. पुढे २००५ च्या दुरुस्तीने पुत्रधर्माच्या आधारावर मुलावर दावा करण्याची वाटच बंद झाली. आज वसुलीवाला दारात येऊन ‘तुम्ही एवढी सही करा’ म्हणतो, तेव्हा मुलाने सुप्याची आठवण ठेवावी. वडिलांच्या मालमत्तेपलीकडे त्याच्यावर काही लागू नाही.

इथपर्यंत कायदा आणि आमचे मन एकत्र चालतात. बँकेने कार्ड दिले तेव्हा बुडणाऱ्या रकमांचा हिशेब धरूनच जबर व्याज आकारले होते. तिचे नुकसान मुलाने पोटाला चिमटा घेऊन भरावे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु वाण्याची गोष्ट निराळी. त्याने व्याज लावले नाही, सही घेतली नाही, ‘महिनाअखेरीस द्या’ म्हणून माल दिला, तो घराकडे पाहून. त्या घरात मुलगाही जेवला होता. वारसाहक्काने काहीच हाती आले नसले, तरी हे देणे आम्हांस मुलाचेच वाटते.

आणि हा विचार निव्वळ भाबडा नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृताच्या पैशाचा क्रम घालून दिला आहे : आधी अंत्यसंस्कार व शेवटच्या दुखण्याचा खर्च, मग न्यायालयीन खर्च, मग मृत्यूपूर्वीच्या ३ महिन्यांची मजूर, कारागीर वा घरगड्याची थकलेली मजुरी, नंतर इतर सावकार सारख्या प्रमाणात, आणि सर्वांत शेवटी मृत्युपत्राने ज्यांना द्यायचे ते. भांडी घासणाऱ्या बाईचे राहिलेले पैसे बँकेच्या आधी येतात! प्रोबेट नसले तरी हा क्रम एखाद्या वहीत उतरून त्याप्रमाणे पैसे चुकते करण्यास कोणाची आडकाठी नाही.

अवघड जागा आहे ती आईची. सरकारी नोकराच्या भविष्य निर्वाह निधीची अवलंबितांना मिळणारी रक्कम मृताच्या कर्जापासून मुक्त असते, आणि ती तशीच असली पाहिजे. त्या पैशाला हात लावून वडिलांची पत राखणारा मुलगा आम्हांस पितृभक्त वाटत नाही. तो दुसऱ्याच्या ताटातून दान करतो. वाण्याचे फेडायचे तर स्वतःच्या पगारातून, हप्त्याने का होईना. त्याला तसे सांगावे, वहीतले पान दोघांनी मिळून पाहावे, आणि वडिलांच्या नावाखाली आपले नाव घालू न देता, जसजसे दिले तसतसे त्याच पानावर खोडीत जावे.