दोन पानांचे औक्ष

औक्ष मागावे, ते कसले? भाऊबीजेच्या ओवाळणीत, वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादात आपण आयुष्याची लांबी मागतो. ते जगायचे कसे, याविषयी कोणी बोलत नाही. हा विचार मनात आला, की मला आफ्रिकेतली एक वनस्पती आठवते.

अंगोला आणि नामिबिया या देशांतल्या नामिब वाळवंटात ती वाढते. १८५९ साली फ्रीडरिश वेल्विच या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला ती अंगोलात दिसली. १८६३ मध्ये जोसेफ हूकर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, ते त्याचेच नाव तिला देऊन : वेल्विचिया. दिसायला मोठी कुरूप. बुटका, रुंद बुंधा आणि भोवती लोळणाऱ्या हिरव्या-तपकिरी चिंध्यांचा ढीग. पण त्या चिंध्या म्हणजे अवघी दोन पाने! बीजदले वाळून गेल्यावर उरतात ती हीच, आणि जन्मभर तीच.

रोपाचा शेंडा कोवळेपणीच मरतो. उंच होण्याची वाट तिथेच संपते. मग वाढ होते ती पानांच्या बुडाशी. टोके उन्हाने करपतात, वारा त्यांच्या पट्ट्या करतो, आणि बुडातून नवे पान सरकत राहते. काही झाडे हजार वर्षांहून जुनी असावीत, असा अंदाज आहे. आफ्रिकान्स भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थच मुळी 'दोन पानांची, मरू न शकणारी' असा आहे.

या नावापाशी मी थबकतो. हा वर म्हणावा की शाप? अश्वत्थामाही चिरंजीवच, पण त्याच्यापाशी उरली ती कपाळावरची जुनी जखम. या झाडापाशी फाटक्या टोकांबरोबर बुडातली कोवळीकही आहे.

कोणी म्हणेल, झाडाला कसली आली आहे निवड? खरे आहे. पण माणसाला तरी ती कितपत असते? एखादे आजोबा ऐंशीव्या वर्षी नातवाकडून नवा खेळ शिकतात; दुसरे कोणी गेलेल्या माणसांच्या आठवणींतच बसून राहतात. त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही. कदाचित कित्येक दिवसांत त्यांच्याशी कोणी निवांत बोललेलेच नसेल. वाळवंटातल्या त्या चिवट झाडालाही मुळाशी थोडी ओल लागतेच.

म्हणून मला वाटते, दुसऱ्यासाठी औक्ष मागणे ही सोपी गोष्ट नव्हे. जो ते मागतो, त्याने त्या ओलीचाही थोडा भार उचलायला हवा.