गोटूल आणि ठाणं

दिवाळीच्या तोंडावर, 15 ऑक्टोबर 2025 रोजी, माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर एका व्यासपीठावर एक निवृत्त अधिकारी ठासून म्हणाले, की गडचिरोलीची तरुण पिढी शाळेने वाचवली नाही, समाजसेवकांनी वाचवली नाही, ती पोलिसांनी वाचवली. तेव्हा पोलिसांच्या युवक-उपक्रमांचा निधी दुप्पट करा. पुण्यातल्या एका विचारी मित्राचं म्हणणं नेमकं उलटं. हे सगळे उपक्रम म्हणजे बंदुकीवर चढवलेला मुलामा आहे, त्यावर एक छदामही खर्च होता कामा नये. दोघेही अभ्यासू आहेत आणि दोघांनाही माझं उत्तर आहे.

आधी पुण्याच्या मित्राला. भामरागडहून जिल्ह्याचं ठिकाण गाठायचं म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरची वाट, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की तीही बंद. अशा मुलखात आश्रमशाळेतून दहावी झालेल्या माडिया पोराला जातीचा दाखला आणि पुढे पडताळणी हवी असते. त्यासाठी त्याच्या कुटुंबाचा 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबाच्या नावाचा कागद म्हणून जन्माला आलेला नाही. बापाचं नाव शाळेच्या नोंदवहीत एक, शिधापत्रिकेवर दुसरं. काना-मात्रा इकडची तिकडे झाली की प्रकरण परत. प्रवेशाची तारीख निघून जाते, आणि पोरगं वर्षभर गावात रिकामं बसतं. दलमची, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीची, माणसं नेमकी अशाच पोरांकडे येत. त्यांच्या चेतना नाट्य मंचाचे कलावंत गोंडी-माडियात गाणी म्हणत, ढोलावर नाचत, आणि गाणं संपल्यावर आपल्या भाषेत बोलणारं कुणीतरी शेजारी येऊन बसे.

गडचिरोली पोलिसांनी ठाण्यांत आणि दुर्गम मदत केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ उघडली. दाखले, आधार, आरोग्य योजनेची कार्डं, वाहन परवाने, भरतीपूर्व प्रशिक्षण, रोजगार मेळावे, गावोगावी वाचनालयं अशी कामं तिथून होऊ लागली. ‘महाराष्ट्र दर्शन’ सहलीत आदिवासी मुलं रेल्वे आणि समुद्र पाहून आली. माझ्या मित्राला हा देखावा वाटतो. पण ज्या पोराच्या हातात दाखला पडला आणि ज्याचा प्रवेश वाचला, त्याला विचारा. तो दाखला खाकी टेबलावरून आला की पांढऱ्या, याचा विचार करण्याची चैन त्याला परवडत नाही. तलाठी, शिक्षक, डॉक्टर यांची पदं कागदावर भरलेली आणि जागेवर रिकामी असताना जो जागेवर होता त्याने काम केलं. याचं श्रेय नाकारणं अन्यायाचं आहे. ती माणसंही जीव मुठीत धरून तिथे होती. 2009 च्या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे मिळून जवळपास पन्नास पोलीस मारले गेले, आणि 1 मे 2019 ला जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा.

आता अधिकारी महोदयांना. 22 एप्रिल 2018 रोजी कसनासूर-बोरियाच्या जंगलात मोठी चकमक झाली आणि त्या मोहिमेत चाळीस जण मारले गेल्याचं जाहीर झालं. त्याच सुमारास एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीची आठ तरुण मुलं-मुली बेपत्ता झाली. पोरं लग्नाला गेली होती, काही तर अठराच्या आतली होती, असं आईबापांचं म्हणणं. ती नुकतीच दलमात भरती झाली होती, असं पोलिसांचं. दोन्ही बाजू पूर्ण ऐकून घेतल्या आणि पोलिसांचंच खरं धरलं, तरी बालन्याय कायदा 2015 चं कलम 83 समोर उभं राहतं. सशस्त्र गटाने बालकाला भरती केलं तर त्या गटाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, असं ते सांगतं. म्हणजे कायद्याच्या नजरेत भरती झालेलं मूल हे आधी बळी आहे. एकाच यंत्रणेने सकाळी त्याला दाखला द्यायचा आणि रात्री त्याला शत्रू म्हणून शोधायचं, या दोन कामांत ती यंत्रणा कितीही सज्जन असली तरी ओढाताण होणारच. खिडकीशी आलेल्या पोराला दोन प्रश्न जास्त विचारले जाणार, आणि त्याला खिडकीशी पाहणारे त्याला खबऱ्या म्हणणार. खबरी असल्याच्या संशयावरून या जिल्ह्यात किती आदिवासींचे गळे चिरले गेले, हे अधिकारी महोदयांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

मग पोराला वाचवायचं कुणी? इथे मला मेंढा (लेखा) गावाकडे जावं लागतं आणि जरा रेंगाळावं लागतं. धानोरा तालुक्यातलं हे जेमतेम शंभर उंबऱ्यांचं गोंड गाव. ऐंशीच्या दशकात गावाने आपलं गोटूल पुन्हा उभारायचं ठरवलं. गोटूल म्हणजे तरुण मुलामुलींनी जिथे एकत्र यायचं, नाचायचं-गायचं, थोरांकडून ऐकायचं आणि गावाचं माणूस व्हायचं, ती जागा. गावाने जंगलातलं सागवान आणून ती बांधली. वनखात्याने बेकायदा लाकूड म्हणून ती पाडली. आसपासची गावं जमली, सभा झाली, आणि गोटूल पुन्हा उभं राहिलं. मेंढ्याच्या पुढच्या इतिहासाची मुळं मला या प्रसंगात दिसतात. वनहक्क कायद्याने 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला आणि 2013 मध्ये गाव ग्रामदानी झालं, या सगळ्याची.

गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल या जोडीने तिथे जे केलं त्याला लोक ‘आदर्श गाव’ म्हणून गौरवतात आणि विसरतात. मला त्यातली एकच गोष्ट फार मोलाची वाटते, ती म्हणजे अभ्यासगट. अभ्यासगटात कुणीही बसावं, बाहेरच्यानेही. वाद घालावा, कायदा समजून घ्यावा, हिशेब उलगडून पाहावा. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. विनोबांची ही शिकवण मोहनभाऊंनी आयुष्यभर धरून ठेवली. जानेवारी 2025 मध्ये ते गेले. एका तरुणाच्या बाजूने याचा अर्थ पाहा. एकोणीस वर्षांचा मुलगा सभेत उभा राहून ‘मला पटत नाही’ म्हणतो, आणि सगळं गाव थांबतं. त्याला समजावतं किंवा त्याचं ऐकतं. एवढी किंमत त्याला ठाण्यात मिळणार नाही, आणि दलमात तर नाहीच, कारण तिथे हुकूम चालतो. बंदूक हाती आल्यावर माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, हे ज्यांना कळतं त्यांनी अभ्यासगटाकडे नीट पाहावं. कुणीतरी असल्याची तीच जाणीव तिथे रक्त न सांडता मिळते.

इथे मला माझ्याच मांडणीला आडवं जावं लागतं. वरचं वाचून कुणी म्हणेल, की मग पोलिसांचा निधी आजच काढा आणि ग्रामसभेला द्या. मीही काही काळ तसंच म्हणत होतो. आता म्हणत नाही. मेंढ्यासारखी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बहुतेक ठिकाणी तेंदूच्या हंगामातच ग्रामसभेच्या खात्यावर पैसे दिसतात; त्या सभेलाही सवय, हिशेबनीस आणि तरुणांची साथ हवी. खिडकी बंद करून उद्या ग्रामसभा उघडत नाही. मधल्या काळात पोरं पुन्हा रिकामीच बसतील.

पण दिशा ठरवायलाच हवी, आणि ती आपण उलटी ठरवली आहे. मेंढ्याच्याच तालुक्यातलं मोहगाव पाहा. तिथल्या ग्रामसभेने 2019 मध्ये ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’ नावाची गोंडी माध्यमाची शाळा काढली. राज्यघटनेचं कलम 350-अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला राज्याला सांगतं. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा 1996 ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला सक्षम मानतो. शिक्षण विभागाने मात्र ही शाळा अनधिकृत ठरवली, दंडाची नोटीस दिली, आणि गावाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची पायरी चढावी लागली. पोलीस गावात वाचनालय काढतात तेव्हा शासन निधी देतं. गाव स्वतः शाळा काढतं तेव्हा शासन दंड सांगतं. आपल्या मुलांना सांभाळण्याचा गावाचा पहिला हक्क ज्या शासनाला मान्य नाही, त्याच्या युवक-उपक्रमांवर मी डोळे मिटून विश्वास कसा ठेवू?

यातला खरा धोका पुढेच आहे. हा सारा खर्च नक्षलवादाच्या नावाने मंजूर होतो. केंद्राने नक्षलवाद संपवायला 31 मार्च 2026 ची मुदत घातली होती, आणि ऑक्टोबर 2025 मध्येच ‘सर्वाधिक प्रभावित’ जिल्ह्यांच्या यादीतून गडचिरोलीचं नाव निघालं. तिथे विजापूर, सुकमा, नारायणपूर ही छत्तीसगडची तीन नावं उरली. चंद्रपूर तर प्रभावित जिल्ह्यांच्या यादीतून त्याआधीच बाहेर पडलं होतं. त्या जिल्ह्यातली पोरं सुरक्षित झाली का? 1 एप्रिल 2015 पासून 2021 पर्यंत तिथे दारूबंदी होती, त्या काळात चोरट्या दारूची ने-आण करायला शाळकरी पोरं वापरली गेली. घुग्घूस, बल्लारपूर, राजुऱ्याच्या कोळसापट्ट्यात आजही पोरांना हाताशी धरणारे आहेत. पण त्यांच्यासाठी ना खिडकी, ना सहल, कारण त्यांच्यापासून दिल्लीला भीती नाही. पोराची जोखीम आपण त्याच्या आयुष्यावरून मोजत नाही, सरकारच्या भीतीवरून मोजतो. भीती सरली की निधी आटतो आणि पोरगं जिथे होतं तिथेच राहतं. इकडे सुरजागडच्या लोहखनिजाने एटापल्ली तालुक्यात ट्रकांच्या रांगा लागल्या आहेत. त्या रस्त्यावरच्या पोरांना जी जोखीम आहे, तिला नक्षलवाद हे नाव नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पोलिसांच्या युवक-उपक्रमांचा आजचा निधी पाच वर्षांसाठी कायम ठेवा, पण दरवर्षी त्यातला एक हिस्सा ग्रामसभांच्या तरुण अभ्यासगटांकडे आणि गोंडी-माडिया शिकवणाऱ्या शाळांकडे वळवा. दाखल्यांचं काम तलाठ्याकडे आणि तहसीलकडे परत सोपवा, आणि त्यांना जागेवर बसायला भाग पाडा. पोलिसांकडे बालन्याय कायद्याने दिलेलं विशेष बाल पोलीस पथकाचं काम तेवढं ठेवा आणि ते नीट करू द्या. चंद्रपूरलाही हाच नियम लावा. मोहगावची नोटीस मागे घ्या. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरेल, पुरवणी मागण्या येतील. विदर्भातल्या आमदारांना, आणि हा अंक हातात असलेल्या तुम्हालाही, एवढीच विनंती: त्या मागण्यांत गडचिरोलीच्या तरुणांच्या नावाने किती रक्कम आहे आणि ती खर्च करण्याचा अधिकार कुणाला आहे, हे सभागृहात विचारा आणि विचारायला लावा.