मुक्त थायरॉक्सिनचे अनुमान

रक्तातले थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, जवळजवळ सगळेच प्रथिनांना चिकटलेले असते. मोकळे असते ते जेमतेम ०.०२ ते ०.०३ टक्के, आणि पेशींच्या कामी येते ते एवढेच. ‘फ्री टी-४’ची नेहमीची चाचणी तेही थेट मोजत नाही; नळीतल्या अभिक्रियेतून निघणारा प्रकाश मोजून त्यावरून आकडा काढते. न्यायदर्शनाच्या भाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान.

अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अटळ सोबतीवर उभे असते. अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. अशा लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. फ्री टी-४च्या अनुमानात उपाधींना तोटा नाही. गरोदरपण, फेनिटॉइन हे फिटांचे औषध, गंभीर आजार या त्यांतल्या काही. हेपारिनची मात्र कथाच वेगळी.

बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मोडतो आणि तिथले मूत्रपिंडाचे आजार बराच काळ चर्चेत आहेत. असे आजार बळावले की डायलिसिस लागते आणि ते करताना रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. त्याने रक्तात मेद तोडणारे लायपेज सुटते, काढलेल्या नमुन्यातही मेदाम्ले तयार होत राहतात आणि ती टी-४ला प्रथिनांवरून हुसकावतात. शरीरात नसलेली वाढ अशी नळीत घडते. उन्हाळ्यात नमुना थंड न ठेवता लांब पाठवला तर अधिकच. गंमत अशी, की ३७ अंशांवर कित्येक तास चालणारी समतोल-डायलिसिस ही फ्री टी-४ मोजण्याची प्रमाणभूत मानलेली प्रयोगशाळेतली पद्धतच याला सर्वाधिक फसते. रक्त हेपारिनच्या आधी घेणे हा साधा उपाय.

मग आकडा खरा कशावरून? मीमांसकांच्या मते ज्ञान बाधित होईपर्यंत स्वतःच प्रमाण असते. नैयायिक त्याचे प्रामाण्य बाहेरून तपासतात. डॉक्टर एरवी मीमांसक असतात, टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक, त्याच्याशी जुळले नाही की नैयायिक होतात. पण जुळणेही पुरेसे नाही. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही चाचणी-संचांत टी-४ खोटे चढते आणि त्याच वेळी टीएसएच खोटे उतरते. दोन्ही साक्षी एकमेकींना दुजोरा देतात, कारण दोघींची उपाधी एकच. अशा वेळी लक्षणे पाहावीत, बायोटिन किमान दोन दिवस थांबवून पुन्हा रक्त घ्यावे, किंवा बायोटिनवर न चालणारा संच वापरावा.