आजारात पाप शोधू नका

'मागल्या जन्माचं काहीतरी असणार', हे वाक्य मी हुबळी-धारवाडच्या रायापुरात मराठीत ऐकलंय, कन्नडातही ऐकलंय. इस्कॉनच्या देवळातून दर्शन घेऊन परतणारी माणसंही ते सहज बोलून जातात. मी देव मानते, कर्मही मानते. तरीही हे वाक्य मला अधर्माचं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला फिट्स येत. फेनिटॉइनच्या गोळ्यांनी त्या थांबल्या. पण हिरड्या वाढून दातांवर चढल्या. हसताना ती ओढणी तोंडाशी धरू लागली. "काकू, काय पाप केलं असेल हो हिनं?" असं तिची आई मला विचारते, तेव्हा मुलगी शेजारीच बसलेली असते.

हुबळीत बायॉप्सीच्या स्लाइड करण्यात माझी सारी नोकरी सरली. अशा हिरडीचा तुकडा फॉर्मॅलिनमधून मेणात जातो, त्याचा चार-पाच मायक्रॉनचा काप काचेवर चढतो, मग रंग. सूक्ष्मदर्शकाखाली वरच्या थराची लांब बोटं खोल उतरलेली दिसतात आणि खाली कोलॅजनच्या गुलाबी जुड्याच जुड्या. फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन बनवतात आणि जुनं मोडतातही. फेनिटॉइनमुळे त्यांच्यात फोलेट कमी शिरतं, मोडणारी विकरं कमी पडतात आणि कोलॅजन साठत जातं. दातांवर कीटण असेल तर त्रास आणखी वाढतो. हे औषध १९३८ साली फिट्सवर वापरात आलं, आणि हिरड्यांची नोंद १९३९ सालीच झाली. म्हणजे या मुलीच्या आजीच्या काळापासून हे कारण माहीत आहे.

पेशी शरीराबाहेर वाढवून औषधाचा परिणाम तपासता येतो. आपल्याकडे ही वाट पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी घालून दिली. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. बशीतल्या पेशीला ना गोत्र, ना पूर्वजन्म. तरी औषध घातलं की तीही बदलते. मग त्या मुलीच्या माथी पाप कशाला?

कुणी म्हणेल, ही गोळी घेणाऱ्या साधारण निम्म्याच लोकांना हा त्रास होतो, मग हिलाच का? अनुवंश, वय, गोळीची मात्रा, तोंडाची निगा यांतून थोडं उत्तर मिळतं, सगळं नाही. पण उरलेली जागा रिकामी राहिली तरी चालेल. तिथे दोष भरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? कर्माचा विचार माणसानं आपल्या वागण्याला लावावा. दुसऱ्याच्या दुखण्याला लावला की तो आरोप होतो. दया हेच धर्माचं मूळ, असं बसवण्णांनी याच कर्नाटकात सांगितलं. दुखण्याचं खरं कारण शोधून त्या माणसाच्या मनावरचं ओझं उतरवणं, हीसुद्धा दयाच आहे.

तेव्हा घरात असं कुणी असेल तर गोळी मनानं बंद करू नका. फिट्स उलटून जिवावर बेतू शकतं. मेंदूच्या डॉक्टरांना विचारा, औषध बदलता येतं का ते बघा. दातांच्या डॉक्टरांकडून कीटण काढून घ्या, रोज नीट ब्रश करा. आणि त्या लेकराला, त्याच्या देखत, स्पष्ट सांगा: यात तुझी काही चूक नाही.