देवासाठी खोटे बोलावे काय?

मागच्या रविवारी मिस्सा आटोपून मी चर्चच्या पडवीत उभा होतो. धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारा एक तरुण धावत आला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘‘फादर, हे वाचा. पुढच्या प्रवचनात सांगाच!’’

मजकूर असा होता : ‘नासा’तील शास्त्रज्ञ सूर्यचंद्रांच्या गतकालीन स्थानांचे गणित संगणकावर करीत असता त्यांना एक दिवस कमी भरला. सारे चक्रावले. तेव्हा एकाला यहोशवाची कथा आठवली. त्याच्या प्रार्थनेने सूर्य थांबला, ते तेवीस तास वीस मिनिटे. आणि हिज्कीया राजासाठी सावली मागे सरली, ती उरलेली चाळीस मिनिटे. हिशेब जुळला! विज्ञानाने बायबलपुढे हात टेकले!

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मला बोलवेना. कारण ही कथा खोटी आहे. असे काही घडल्याचे नासाने नाकारले आहे. ग्रहगोलांची जुनी स्थाने काढताना शास्त्रज्ञ आजच्या स्थानावरून, गतीच्या नियमांनी मागे मागे जातात. वाटेत एखादा दिवस थबकला होता की काय, हे त्या गणिताला कळण्याचा मार्गच नाही. शिवाय कथा संगणकाहून जुनी आहे. टॉटन नावाच्या अमेरिकन लेखकाने हा हरवलेला दिवस १८९० सालीच पुस्तकात मांडला होता. संगणक तिला मागाहून चिकटला.

न बोलवण्याचे आणखी एक कारण होते. पंचवीस वर्षांपूर्वी, नवा धर्मगुरू असताना, हीच कथा मी प्रवचनात सांगितली होती. लोक भारावले. मिस्सेनंतर विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक जवळ आले. ‘‘फादर, हे आपण कोठे वाचले?’’ एवढेच त्यांनी विचारले. एका पत्रकात वाचले होते, पडताळले नव्हते. मी विषय बदलला. त्यांनी वाद घातला नाही. पण पुढे माझे प्रवचन चालू असताना त्यांची नजर जमिनीवर असे. मी प्रभूच्या पुनरुत्थानाविषयी बोलत असेन, तेव्हाही.

माझा हेतू तर चांगला होता! पण ईयोबाचे मित्रही चांगल्या हेतूनेच देवाची बाजू मांडीत होते. देवाचा कैवार घेण्यासाठी तुम्ही खोटे बोलणार काय, असा ईयोबाचा त्यांना रोकडा सवाल आहे. खोट्या साक्षीदारावाचून ज्याचे अडते, तो देव कसला?

येथे जॉर्ज लमेत्र आठवतात. हे बेल्जियन शास्त्रज्ञ कॅथॉलिक धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावत आहे, हे त्यांनी १९२७ साली मांडले. त्याचा आरंभ एका आद्य अणूतून झाला असावा, हे १९३१ साली. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात, असे संशोधन विश्वनिर्मितीच्या श्रद्धेला दुजोरा देते, असे सुचविले. लमेत्र यांना ते रुचले नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या कक्षेबाहेरचा आहे, असे ते मानीत. अस्सल संशोधन हाती असूनही या धर्मगुरूने त्याला देवाचा साक्षीदार म्हणून उभे केले नाही. आणि आपण? कोणीतरी पाठविलेला निनावी मजकूर दहा जणांना धाडून सुवार्ता पसरविल्याचे समाधान मानतो!

अखेर मी त्या तरुणाला सारे सांगितले. त्याचा चेहरा उतरला. ‘‘फादर, मी तर वर्गात सांगून बसलो.’’

‘‘मग पुढच्या रविवारी सांग, की ते खरे नव्हते.’’

‘‘मुले हसतील.’’

‘‘हसू देत. आपले सर चुकले तर कबूल करतात, हेही त्यांना कळेल. मग तू येशूविषयी बोलशील, तेव्हा ती मान वर करून ऐकतील.’’

त्याला हा सल्ला देणे सोपे होते. ते निवृत्त शिक्षक आज हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच द्यावयास हवे होते. ते आज येथे लिहीत आहे.